रकाना भरतो, चाचणी होत नाही : विदर्भातल्या जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी,
विदर्भातील अकराही जिल्हा परिषदा

विषय : गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी आणि उपचार गावातच मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

दर महिन्याला एचएमआयएसचा, म्हणजे सरकारी आरोग्य माहिती प्रणालीचा, जो अहवाल तुमच्या टेबलावर येतो, त्यात माता आरोग्याच्या भागात तीन ओळी आहेत. ग्लुकोज पाजून साखर तपासलेल्या गरोदर माता किती, त्यांतल्या किती जणींना मधुमेह निघाला आणि त्यांतल्या किती जणींना औषध सुरू झालं. माझ्या पाहण्यात आलेल्या अहवालांत पहिल्या ओळीतला आकडा भरघोस असायचा, दुसऱ्या ओळीत एखाद-दुसरी बाई आणि तिसरीत शून्य. ते वाचून कुणालाही वाटावं, आपल्या खेड्यापाड्यांत हा आजारच नाही.

चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूत मोठी पाहणी केली होती. तिच्यात गरोदरपणातला मधुमेह शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि खेड्यांत ९.९ टक्के मातांना आढळला. म्हणजे खेड्यातसुद्धा दहातली एक. आपला आकडा थोडा कमी-जास्त निघेल. पण दहात एक आणि शेकड्यात एखादी, एवढी तफावत हवापाण्याची नसते. ती तपासण्याच्या रीतीची असते.

पहिली ओळ कशी भरते ते सांगते. मी आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रांवर नोकरी करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. गरोदर बाई तपासणीला येते. वजन, बी.पी., लघवी, हिमोग्लोबिन होतं आणि त्याच ओघात बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर एक आकडा घेतला जातो. बाई सकाळी कपभर चहा पिऊन निघालेली, काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसून आलेली, आता दुपारचे साडेबारा वाजलेले. आकडा येतो ९८. कार्डावर ‘आरबीएस ९८’, म्हणजे अवेळी घेतलेली रँडम साखर ९८, असं लिहिलं जातं आणि महिनाअखेरीस तोच आकडा ग्लुकोजच्या चाचणीच्या रकान्यात जाऊन बसतो. यात कुणी ठरवून खोटं करतं, असं माझं म्हणणं नाही. वरून टक्केवारी विचारली जाते, हातात ग्लुकोजची पुडी नसते, आणि बाईला परतीची गाडी गाठायची असते.

पण त्या ९८ ला काडीचा अर्थ नाही. गरोदरपणातला मधुमेह बहुतेक वेळा पोट रिकामं असताना दिसत नाही. अन्न आलं, की वाढत्या महिन्यांत शरीराचं इन्सुलिन अपुरं पडतं आणि साखर चढून राहते. म्हणून तर आधी ग्लुकोज पाजून शरीराची परीक्षा घ्यायची असते. परीक्षा न घेता पास केलेल्या बाया आपण वर्षानुवर्षं रजिस्टरात मोजतो आहोत.

खरी चाचणी कशी करायची हे केंद्र सरकारनं २०१४ मध्ये लिहून दिलं आणि २०१८ मध्ये सुधारून दिलं. तुम्हाला ते ठाऊक असणार. पण हे पत्र गावातल्या लेकीसुनाही वाचतील, म्हणून लिहिते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यायचं. बाई जेवून आलेली असो की उपाशी, फरक पडत नाही. दोन तासांनी एकदा, फक्त एकदा, बोट टोचायचं. १४० किंवा त्याच्या वर आलं तर मधुमेह आहे. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, अर्ध्या तासानंतर झाली तर चाचणी तशीच पुढे न्यायची. पहिल्या भेटीतच ही चाचणी करायची. चांगली आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, दोन्हींत किमान चार आठवडे जाऊ देऊन.

डॉक्टरांमध्ये या चाचणीवरून वाद आहेत, हे मला माहीत आहे. उपाशीपोटी येऊन दोन-तीनदा रक्त देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात काही माता जास्त सापडतात. तो वाद मेडिकल कॉलेजांत चालू द्या. आमच्या बायांपुढे ही चाचणी की ती चाचणी, असा प्रश्नच नाही. त्यांच्यापुढे ही चाचणी आहे, नाही तर काहीच नाही. मुळात ‘उपाशी या’ म्हणावं लागू नये, बाई ज्या वेळी दारात येईल त्या वेळी तपासता यावी, म्हणूनच ही रीत निघाली. आणि आपण काय केलं? अनेक ठिकाणी तिला पुन्हा ‘उद्या उपाशीपोटी या’ असंच सांगितलं जातं. सहाव्या महिन्यातली बाई, अंगात रक्त नऊ, पहिली गाडी साडेनऊला. ती उद्या येत नाही.

हे दोन तास, महोदय, या पत्राचं मूळ आहे. प्रयोगशाळा लागत नाही, डॉक्टर लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. बाईचे दोन तास तेवढे लागतात, आणि तेच आपल्या व्यवस्थेनं कुठे धरलेलेच नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ जणी पहिल्यांदा डॉक्टरच्या डोळ्यांखालून गेल्या, हे मान्यच. पण त्या दिवशी केंद्रावर गर्दी असते. बसायला बाकडं नसतं, पंखा असला तर लाईट नसते, संडासाला कुलूप असतं. ग्लुकोज प्यायलेल्या, मळमळणाऱ्या बाईला दोन तास बसवायचं कुठे? ती बाहेर झाडाखाली बसते, सासूचा फोन येतो, गाडी निघते म्हणून जीपवाला आवाज देतो, ती निघून जाते. आणि तो दिवस वेचणीचा असेल तर? कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अर्धा दिवस केंद्रावर घालवला तर तेवढा कापूस दुसऱ्या कुणाच्या ओट्यात जातो.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी एवढीच आहे की ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून उचलून उपकेंद्रावर आणि गावातल्या लसीकरणाच्या सत्रावर न्या. सत्र अंगणवाडीतच असतं. तिथे सावली असते, पाणी असतं, ओळखीच्या बाया असतात. आरोग्य सेविका तीन-चार तास तिथेच असते. गरोदर बाईनं सकाळी सत्र लागताना येऊन ग्लुकोज प्यावं, घरी जाऊन पाण्याचा हंडा भरावा नाही तर तिथेच बसून राहावं, दोन तासांनी बोट पुढे करावं. फक्त मधल्या वेळात काही खाऊ नये आणि शेतात राबायला जाऊ नये, एवढं आशाताईनं पाहायचं.

काम वाढेल म्हणाल, तर हिशेब करून पाहा. पाच हजार वस्तीचं उपकेंद्र, हजारी पंधरा जन्म धरले तर वर्षाला पंचाहत्तर गरोदर माता. प्रत्येकीच्या दोन चाचण्या म्हणजे वर्षाला दीडशे, आठवड्याला तीन. आदिवासी भागात उपकेंद्र तीन हजारांवर असतं, तिथे तर आठवड्याला दोनसुद्धा होत नाहीत. एका चाचणीला एक पट्टी, एक सुई आणि एक पुडी लागते. दहात एक धरली तर वर्षाकाठी सात-आठ बाया निघतील. सात-आठ बाया सांभाळणं कोणत्याही सेविकेला जड नाही. जड जातं ते पट्ट्या संपल्यावर मागणीपत्र पाठवून तिमाहीभर वाट पाहणं.

पट्ट्यांवरून दोन गोष्टी राहायला नकोत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी त्याच्या वर पारा असतो. टिनाच्या छपराखालच्या कपाटात उन्हाळाभर पडलेली पट्टी कोणता आकडा देईल, हे तिचं तीच जाणे. तेव्हा खरेदी वर्षाची एकदम नको, थोडी थोडी आणि वेळेवर हवी. दुसरी गोष्ट पुडीची. उपकेंद्रावर ग्लुकोजचा मोठा डबा देऊन ‘७५ ग्रॅम मोजा’ म्हणणारे आदेश मी पाहिले आहेत. तिथे वजनकाटा आहे तो बाळाचा. मग चमच्यानं मोजलं जातं, आणि चमचा प्रत्येक घरचा वेगळा. ७५ ग्रॅमची मोजून बांधलेली पुडी द्या, विषय संपला.

आशाताईंच्या हाती सुई देण्यावर काही साहेबांचा आक्षेप असतो. गडचिरोलीचं उदाहरण तुमच्याच विभागातलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. बालमृत्यू किती खाली आले ते १९९९ मध्ये साऱ्या जगानं वाचलं, आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. एवढ्याशा जिवाला इंजेक्शन देण्याइतका विश्वास ज्या बायांवर टाकता आला, त्यांना बोटाला सुई टोचू द्यायला आपण का कचरतो? तेवढं मात्र करा, या कामाचा मोबदला वेगळा आणि महिन्याच्या महिन्याला द्या. आशांवर फुकट कामाचं आणखी एक ओझं टाकण्यासाठी हे पत्र मी लिहीत नाही.

आता बायांचं म्हणणं सांगते. शुगर निघाली म्हटल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “नर्सबाई, साखर घ्याले पैसे कुठी हायेत, मले कायची शुगर?” त्यांचं चुकत नाही. शुगर म्हणजे बंगल्यातल्या, सुटलेल्या पोटाच्या माणसांचा आजार, हे चित्र आपणच भिंतीवर रंगवलं आहे. केंद्रावरही रोड, किडकिडीत बाई समोर आली की ‘हिला कुठून असणार’ म्हणून सोडून देतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनानं हलकी, हातापायांनी बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात. म्हणजे काट्यावर पंचेचाळीस किलो भरणारी बाईसुद्धा साखरेच्या आजारातून सुटलेली नसते. सगळ्यांची चाचणी करा, चेहरा पाहून निवडू नका, असं सरकारी सूचना म्हणतात ते उगाच नाही.

उपचार केल्यानं खरंच काही होतं का, हेही विचारलं जातं. ऑस्ट्रेलियात हजार मातांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार, साखरेची नियमित तपासणी आणि गरज पडल्यास इन्सुलिन मिळालेल्या मातांमध्ये बाळ दगावणं किंवा बाळंतपणात खांदा अडकून त्याला गंभीर इजा होणं, हे प्रमाण एक टक्का राहिलं. नेहमीच्याच देखभालीवर सोडलेल्यांत ते चार टक्के होतं. खांदा अडकलेलं बाळंतपण जिनं एकदा पाहिलं आहे, तिला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. आणि आपल्याकडे तो अडतो तेव्हा भूलतज्ज्ञ बहुधा साठ-सत्तर किलोमीटरवर असतो.

आता आहार. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मधुमेह निघालेल्या बहुतेक जणींचं काम आहारावरच भागतं. निदान झाल्यावर पहिले दोन आठवडे फक्त आहार आणि हालचाल, मग जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली आहे का पाहायचं. सोपं आहे. पण बाईच्या हातात जो छापील तक्ता पडतो त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद आणि मलई काढलेलं दूध असतं. हा तक्ता ज्यानं केला त्यानं कोरची किंवा झरी-जामणीचा बाजार पाहिलेला नाही. बाई तक्ता घडी करून कार्डात ठेवते आणि त्यातून एकच अर्थ घेते, खाणं कमी करायचं. ती भात सोडते, भाकरी अर्धी करते, चतुर्थीचा उपासही धरते. रक्त आधीच कमी, वजन आधीच वाढत नाही, त्यात आपण ‘पथ्य’ म्हणून तिला उपाशी ठेवलं. साखर कदाचित उतरेल, पण बाळ वाढायचं थांबेल. आणि उपासाला ती साबुदाण्याची खिचडी खाईल, म्हणजे साखरही उतरणार नाही.

तक्ता इथला करा. झाडीपट्टीतला वेगळा, वऱ्हाडातला वेगळा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भात तीनही वेळा असतो. तो बंद करायला सांगून कुणी ऐकणार नाही. एका बैठकीतला भात कमी करून त्याच ताटात वरण, बरबटी किंवा चण्याची उसळ, अंबाडीची नाही तर चवळीची भाजी आणि जमेल तेव्हा अंडं वाढवायला सांगा. दिवसाचं खाणं तीन जेवणांत आणि मधल्या दोन-तीन वेळच्या थोड्या थोड्या खाण्यात वाटून घ्या, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, ताक. वऱ्हाडात ज्वारी होती. कापूस-सोयाबीननं ती शेतातून काढली आणि राशनच्या गहू-तांदळानं ताटातून. भाकरी आता कित्येक घरांत विकतची चैन झाली आहे. स्वस्त धान्य दुकानातून गरोदर मातेच्या घराला थोडी ज्वारी आणि तूरडाळ देता येईल का, हा प्रश्न तुमच्या अधिकाराबाहेरचा आहे हे मला कळतं. पण तो पुरवठा विभागापुढे मांडणं अधिकाराबाहेरचं नाही.

अंगणवाडी मात्र तुमच्याच जिल्हा परिषदेत आहे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर मातेला एक वेळचं पूर्ण, ताजं जेवण मिळतं. मी या योजनेची चाहती आहे. भुकेल्या बाईच्या हातावर ताट ठेवण्यासारखं दुसरं औषध नाही. पण साखर निघालेल्या बाईच्या ताटातही गोड तेवढंच पडतं, कारण अंगणवाडी ताईला तिची साखर निघाली हे कुणी कळवलेलंच नसतं. आरोग्य विभागाचं रजिस्टर एका कपाटात, बालविकास विभागाचं दुसऱ्या. दोन्ही कपाटं कित्येक गावांत एकाच खोलीत आहेत! तिच्या नावापुढे एक खूण करा, गोडाऐवजी तिला आणखी एक अंडं द्या. घरपोच आहाराच्या गोड पाकिटाचंही तेच. आणि आहाराचं सांगणं एकट्या सुनेला सांगू नका, सासूला शेजारी बसवून सांगा. भात किती शिजवायचा हे सून ठरवत नाही.

आहारानं भागलं नाही तर औषध. २०१८ च्या सूचनांनी विसाव्या आठवड्यानंतर मेटफॉर्मिनच्या गोळीची वाट मोकळी केली आहे. गोळी कोणत्याही घरात राहू शकते. इन्सुलिनचं तसं नाही. आज इन्सुलिन लागणारी बाई म्हटली की चिठ्ठी लिहून जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना करतात. ती दोनदा जाते, तिसऱ्यांदा जात नाही. जिल्हा रुग्णालयात एकदा मात्रा ठरली की पुढचं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं फोनवर विचारून सांभाळावं, एवढी सोय करा. कुपी कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, कारण केंद्रातला सगळ्यात भरवशाचा फ्रीज लसींचा असतो आणि त्यात दुसरं औषध ठेवायला मनाई आहे. ती मनाई योग्यच आहे. पण प्रसूतिकक्षात ऑक्सिटोसिनसाठी फ्रीज लागतोच, त्यात न उघडलेल्या कुप्या राहतील. उघडलेली कुपी घरात साध्या गारव्यात महिनाभर टिकते, फक्त चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांना घरात गारवा कुठला? मातीच्या मडक्याभोवती ओली वाळू, आत डबीत बंद केलेली कुपी, हा उपाय चालतो. तो प्रत्येक सेविकेला करून दाखवा, कागदावर पाठवू नका.

सिरिंजबद्दल एक वाक्य परिपत्रकात ठळक घाला. ४० युनिटच्या कुपीला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज. औषध दुकानातून केशरी टोपणाची १०० ची सिरिंज आली की मात्रा अडीच पटीनं चुकते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय इन्सुलिन टोचून न जेवता निंदायला गेलेल्या बाईला धुऱ्यावर घाम फुटून, हातपाय थरथरून भोवळ आली तर सोबतच्या बायांना काय करायचं ते ठाऊक हवं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, लगेच. ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

पूर्व विदर्भ, मेळघाट आणि यवतमाळच्या कोलाम-गोंड पट्ट्यासाठी एक वेगळी सूचना. अलीकडे शहरातून आलेले काही डॉक्टर ‘एचबीए१सी करून टाका, तीन महिन्यांची साखर कळते’ म्हणतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जिथे घराघरांत आहे तिथे ही तपासणी फसवते, कारण तिचा आधारच हिमोग्लोबिन आणि लाल पेशींचं आयुष्य. सिकलसेलमध्ये ती चुकीचा आकडा दाखवू शकते, रक्त कमी असलेल्या बाईतही तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, त्यात गावोगाव रक्त तपासलं जातं. त्याच कार्डावर गरोदर मातेची ग्लुकोजची चाचणी झाली की नाही हेही नोंदवलं, तर दोन कामं एका फेरीत होतील.

बाळंतपणानंतर तर ही बाई आपल्या हिशेबातून पार निसटते. पहिलं बाळंतपण माहेरी. तपासणी सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात. कार्डावर ‘जीडीएम’ (गरोदरपणातला मधुमेह) अशी तीन अक्षरं कोपऱ्यात लिहिली असली तर असली. बाळंत करणाऱ्या सिस्टरला कळलंच नाही की या बाळाची साखर पहिल्या तासांत घसरू शकते, त्याला तासाभरात अंगावर पाजायला हवं, टाचेला टोचून साखर पाहायला हवी आणि ४५ च्या खाली आली तर धावपळ करायला हवी. माता बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर लाल शिक्का मारा. शिक्क्याला फार पैसे पडत नाहीत. गडचिरोली-चंद्रपूरच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातली कुटुंबं कामाला बाहेर पडतात. तिथे आपलं पोर्टल कुणी उघडून पाहणार नाही, पण कार्ड बाईच्या पिशवीत असतं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते, मधुमेह गेला की मुक्कामाला राहिला हे बघायला. मी ती होताना फार क्वचित पाहिली. त्यासाठी वेगळं कुणाला बोलवायची गरजच नाही. बरोबर सहाव्या आठवड्यात बाळाची दीड महिन्याची लस असते. आई बाळाला घेऊन येतेच, लसीनंतर अर्धा तास थांबतेच. तिला आदल्या दिवशी आशाताईकडून निरोप द्या, या वेळी मात्र उपाशीपोटी ये. उपाशी रक्त घ्या, ग्लुकोज द्या, आणखी दीड तास थांबवून घ्या. बाळ एक आणि आई एक, दोन्ही नावं एकाच यादीत.

ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायांपेक्षा सात ते दहा पट असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांवरून दिसलं आहे. तरीही आपला असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम तिला तीस वर्षांची होईपर्यंत ओळखत नाही. घरोघरच्या तपासणीची यादी तिशीच्या पुढच्यांची असते. आमच्याकडे मुलगी बाविसाव्या वर्षी आई होते. म्हणजे पुढची आठ वर्षं ती कोणत्याच यादीत नाही, मधल्या काळात दुसरं गरोदरपणही येऊन जातं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एका ओळीचा आदेश काढा, कार्डावर लाल शिक्का असलेली बाई, वय कितीही असो, दर वर्षी तपासायची. यासाठी मुंबईची किंवा दिल्लीची परवानगी लागत असेल असं मला वाटत नाही. लागत असेल तर मागा.

शेवटी आकड्यांचं. ‘ग्लुकोज पाजून तपासलेल्या’ या रकान्यात रँडम साखरेचा आकडा चालणार नाही, असं लेखी कळवा. पुड्या किती वाटल्या आणि चाचण्या किती दाखवल्या, हे महिन्याला ताडून पाहा, तेवढ्यानं निम्मं खोटं गळून पडेल. मग पहिल्या ओळीतला आकडा एकदम कोसळेल. त्या महिन्यात कृपा करून कुणाला कारणे दाखवा नोटीस काढू नका, नाही तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा जागेवर येईल आणि आपण होतो तिथेच राहू.

१० मार्च हा डॉ. शेषय्यांचा जन्मदिवस देशात गरोदरपणातल्या मधुमेहाचा जागृती दिवस म्हणून पाळला जातो. तुमच्याकडेही फलक लागतील, शाळकरी मुलींची फेरी निघेल. या वेळी फेरीऐवजी प्रत्येक पंचायत समितीच्या भिंतीवर तालुक्याचे चार आकडे लावा : नोंद झालेल्या गरोदर माता किती, दोन तासांची चाचणी दोन्ही वेळा झालेल्या किती, मधुमेह निघालेल्या किती आणि त्यांतल्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलेल्या किती. चौथा आकडा पहिल्या वर्षी शून्य असला तरी लावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जिल्हा यवतमाळ